बुद्धगयेतील धर्मपालांचे पहिले दिवस

(उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी अनागारिक धर्मपाल हा विषय आपल्या मंडळाने सुचविला, तेव्हा मी एक अट घातली होती. धर्मपालांचे संपूर्ण चरित्र मी सांगणार नाही. १८९३ सालच्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेतील त्यांचे भाषण, सारनाथचा मूलगंधकुटी विहार, महाबोधि सभेच्या देशोदेशींच्या शाखा, ह्या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेल्या आहेत. मला सांगावयाचे आहे ते त्याच्याही आधीचे. सव्वीस वर्षांचा एक तरुण धर्मप्रचारक परक्या देशात येतो, ज्या गावी त्याच्या धर्माची वस्ती उरलेली नाही अशा गावी मुक्काम करतो, आणि पहिल्या काही महिन्यांत काय करतो, एवढाच माझा विषय आहे. माझा व्यवसाय वकिलीचा आहे. वकिलाला माणसाच्या भाषणापेक्षा त्याने कोठे मुक्काम केला, कोणाची परवानगी मागितली आणि कोणता कागद मागे ठेवला, ह्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. धर्मपालांच्या पहिल्या दिवसांकडे मी त्याच दृष्टीने पाहणार आहे.

धर्मपालांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबो येथे झाला. आईबापांनी ठेवलेले नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे. सिलोनमध्ये पोर्तुगीज आले, डच आले, नंतर इंग्रज आले. ह्या तीन राजवटींत बौद्ध कुटुंबांतही मुलांची नावे ख्रिस्ती ठेवण्याची रीत पडून गेली होती. वडील लाकडी सामानाचे सधन व्यापारी. घरी आईच्या तोंडून त्रिसरण कानी पडे आणि शाळेत पाद्री बायबल पाठ करून घेत. ह्या मुलाला बायबलचे अध्यायच्या अध्याय मुखोद्गत होते, आणि पुढे वादविवादात त्याने त्यांचा भरपूर उपयोग केला. वैशाखी पौर्णिमेला त्याने शाळेकडे सुटी मागितली. ती मिळाली नाही. मुलगा छत्री आणि पुस्तके घेऊन घरी निघून गेला आणि परत आल्यावर त्याने छड्या खाल्ल्या. पुढच्या वर्षीही त्याने तेच केले.

१८८३ साली कोलंबोच्या कोटाहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला आणि दंगल उसळली. त्यानंतर वडिलांनी मुलाला शाळेतून काढले. ह्या दंगलीची एक बाजू कायद्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बौद्धांचे गाऱ्हाणे घेऊन कर्नल ऑल्कॉट १८८४ साली लंडनला गेले आणि १८८५ पासून वैशाखी पौर्णिमा ही सिलोनमध्ये सरकारी सुटी झाली. ज्या दिवसासाठी शाळकरी मुलाने छड्या खाल्ल्या तो दिवस दोन-चार वर्षांत राजपत्रात आला. गाऱ्हाणे नीट लिहून योग्य दारी नेले तर कधीकधी दार उघडते, हा अनुभव ह्या तरुणाने विशीच्या आतच घेतला होता. बुद्धगयेत त्याने तोच मार्ग धरला. तेथे दार इतक्या सहजी उघडले नाही, ही गोष्ट निराळी.

ऑल्कॉट आणि मॅडम ब्लाव्हाट्‌स्की १८८० साली सिलोनला आले होते आणि त्यांनी तेथे जाहीरपणे पंचशील घेतले होते. धर्मपाल त्यांच्या सहवासात आले, १८८४ साली मद्रासजवळील अड्यारला जाऊन राहिले, आणि गूढविद्येच्या मागे लागण्यापेक्षा पाली शीक, असा सल्ला त्यांना ब्लाव्हाट्‌स्कींनी दिला. त्या बाईंच्या इतर मतांविषयी आपले काहीही मत असो, हा सल्ला चांगला होता. पुढे सरकारी कारकुनी सोडून ह्या तरुणाने धर्मकार्याला वाहून घेतले. ऑल्कॉटांच्या बैलगाडीतून ते सिंहली खेड्यांत हिंडले, व्याख्यानांचे भाषांतर करून सांगितले, शाळांसाठी वर्गणी गोळा केली. नाव बदलून धर्मपाल झाले आणि त्यापुढे 'अनागारिक' हा शब्द लावला. अनागारिक म्हणजे ज्याला घर नाही तो. भिक्खूला विनयाचे नियम असतात, त्याला पैशाला स्पर्श करता येत नाही. गृहस्थाला संसार असतो. वर्गणी मागावयाची, हिशेब ठेवावयाचे, आगगाडीने आणि आगबोटीने हिंडावयाचे, कलेक्टरला भेटावयाचे, आणि तरीही ब्रह्मचर्याने राहावयाचे, असा तिसरा मार्ग त्यांनी पत्करला. हा मार्ग त्यांच्याआधी ह्या रूपात कोणी चालला नव्हता. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या मुलाने मिशनऱ्यांची कामाची शिस्त उचलली आणि तिला आपल्या धम्माच्या कामी लावले, असे म्हटले तरी चालेल.

१८८९ साली ते ऑल्कॉटांबरोबर जपानला गेले. तेथे आजारी पडून त्यांचे बरेच दिवस रुग्णालयात गेले. पण जपानी बौद्धांशी ओळखी झाल्या त्या कायमच्या. त्याआधी काही वर्षे 'लाइट ऑफ एशिया' ह्या काव्याचे कर्ते सर एड्विन अर्नोल्ड ह्यांनी बुद्धगयेला भेट देऊन तेथील दुरवस्थेवर लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये लिहिले होते. ते लिखाण धर्मपालांनी वाचले होते. जानेवारी १८९१ मध्ये कोझेन गुणरत्न नावाच्या जपानी भिक्खूसह ते उत्तर हिंदुस्थानच्या यात्रेला निघाले. यात्रा करून परत जावयाचे, एवढाच बेत होता.

प्रथम ते सारनाथला गेले. आज आपण सारनाथला जातो तेव्हा विहार, वस्तुसंग्रहालय, बाग, निरनिराळ्या देशांची मंदिरे पाहतो. १८९१ साली ह्यांतले काहीही नव्हते. धमेख स्तूप उभा होता आणि भोवती रान होते. ज्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आज आपल्या प्रजासत्ताकाची राजमुद्रा आहे ते त्या वेळी जमिनीखाली होते. ते बाहेर निघाले १९०५ च्या सुमारास, अर्टेल ह्यांच्या उत्खननात. म्हणजे आपल्या राष्ट्राचे चिन्ह हा तरुण पायांखाली तुडवून गेला आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. कोणालाच नव्हता.

२२ जानेवारी १८९१ रोजी दोघे बुद्धगयेला पोहोचले. मंदिर पडके नव्हते. कनिंगहॅम आणि बेग्लर ह्यांच्या देखरेखीखाली सरकारने दहा-अकरा वर्षांपूर्वीच त्याचा जीर्णोद्धार केला होता. दगड जागेवर होते, माणसे नव्हती. बोधिवृक्षाखालील वज्रासनाला धर्मपालांनी मस्तक टेकले आणि त्याच क्षणी त्यांनी ठरविले की, ह्या जागेची काळजी घेण्यासाठी भिक्खू येईपर्यंत मी येथून हलणार नाही. कोझेन गुणरत्नांनीही आपण राहतो असे सांगितले. हा प्रसंग धर्मपालांच्या स्वतःच्या लेखनात आहे आणि त्यांच्या प्रत्येक चरित्रात तो भक्तिभावाने सांगितलेला असतो. तो मीही सांगितला. परंतु मला त्या क्षणापेक्षा दुसऱ्या दिवसाची सकाळ अधिक विचार करण्यासारखी वाटते. संकल्प करणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. पण संकल्पानंतर माणसाला निजण्यासाठी जागा लागते, जेवण लागते, पत्रांसाठी तिकिटे लागतात.

जागा मिळाली ती ब्रह्मी धर्मशाळेत. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन ह्याने आपली माणसे पाठवून बुद्धगयेत दुरुस्तीचे काम सुरू केले होते, आणि त्यांच्यासाठी मंदिराजवळ ही धर्मशाळा बांधली गेली होती. मिंडोन १८७८ साली वारला. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी उरलेला ब्रह्मदेश घेतला आणि राजाला कैद करून आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले. म्हणजे ज्या राजघराण्याने बुद्धगयेत पाय रोवला होता त्याचा वारस ह्या वेळी कोकणात नजरकैदेत होता, आणि त्या घराण्याने बांधलेली धर्मशाळा ओस पडली होती. तिच्यात हे दोघे राहिले. जानेवारीतला गारठा, जवळची रक्कम संपत आलेली, आसपासच्या लोकांची भाषा येत नाही, पाठीशी संस्था नाही, गावात स्वधर्मीय नाही. अशा स्थितीत ह्या तरुणाने काय केले? त्याने पत्रे लिहिली. सिलोनला लिहिली, ब्रह्मदेशाला लिहिली, हिंदुस्थानातील ओळखीच्यांना लिहिली. बुद्धगयेत भिक्खू ठेवले पाहिजेत, त्यांच्यासाठी पैसे पाहिजेत, कोण येतो आणि कोण देतो, एवढाच त्या पत्रांचा आशय. पुष्कळ पत्रांना उत्तरे आली नाहीत. आली त्यांत उत्साह पुष्कळ होता आणि पैसे थोडे होते. संस्था चालविणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही ह्यात नवल वाटणार नाही.

दुसरे काम त्यांनी केले ते असे की, हे मंदिर कोणाचे आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. शेकडो वर्षे यात्रेकरू येत होते, दर्शन घेत होते आणि जात होते. ह्या प्रश्नाचे त्यांना काम पडत नव्हते. जो राहावयाला येतो त्यालाच तो पडतो. प्रथम धर्मपालांना सांगण्यात आले की मंदिर सरकारचे आहे. ते गयेच्या कलेक्टरकडे गेले. हे कलेक्टर म्हणजे जॉर्ज ग्रिअर्सन. पुढे ज्यांनी हिंदुस्थानातील भाषांची प्रचंड पाहणी प्रसिद्ध केली आणि तिचा सातवा खंड आपल्या मराठीला दिला तेच हे गृहस्थ. तेथे धर्मपालांना कळले की मंदिर आणि त्याचे उत्पन्न महंताकडे आहे. सरकारच्या मदतीने ते त्याच्याकडून विकत घेता आले तर पाहावे.

हा महंत कोण? सोळाव्या शतकाच्या अखेरीस घमंडी गिर नावाचा शैव गोसावी बुद्धगयेला आला आणि त्याने मठ स्थापिला. बौद्ध संघ तेथून नाहीसा झाल्यावर रिकाम्या जागी तो बसला. मठाला जमिनी मिळाल्या आणि महंत हा त्या मुलखातील बडा जमीनदार झाला. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर, हक्क कोणाचा हा प्रश्न निद्रिस्त राहिला आणि वहिवाट जागी राहिली. आपल्या तालुक्याच्या न्यायालयांत बांधाच्या तंट्यात हेच घडते. खरा मालक मुंबईला गिरणीत राबत असतो, शेजारी दरसाल नांगर एक तास पुढे घालतो, आणि वीस वर्षांनी मालक परत येतो तेव्हा न्यायाधीश त्याला विचारतात, इतके दिवस तू कोठे होतास? बुद्धगयेत हा प्रश्न वीस वर्षांचा नव्हता, शतकांचा होता. राजा मिंडोनच्या माणसांनी काम सुरू केले तेव्हा महंताची संमती घेतली गेली होती. त्या वेळी तो शिष्टाचार वाटला असेल. पुढे न्यायालयात तोच शिष्टाचार महंताच्या ताब्याचा पुरावा ठरावयाचा होता.

धर्मपाल परके होते की नव्हते, हाही प्रश्न मजेचा आहे. सिलोन हे हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली नव्हते. ती इंग्रजांची निराळी वसाहत होती. भाषा, चालीरीती, अन्न, सारे वेगळे. तरीपण सिलोनचा रहिवासी आणि गयेचा रहिवासी हे एकाच राणीचे प्रजाजन होते. म्हणून धर्मपालांना हाकलून देता येत नव्हते आणि फिर्याद करण्यासाठी त्यांना न्यायालयाचे दार उघडे होते. ज्या साम्राज्याने ब्रह्मी राजाला रत्नागिरीत बसविले त्याच साम्राज्याच्या कायद्याने सिंहली तरुणाला बुद्धगयेत बसू दिले.

मार्चच्या सुमारास धर्मपाल कलकत्त्यास गेले. नीलकमल मुखर्जी ह्यांनी त्यांना आपल्या घरी उतरविले, 'इंडियन मिरर'चे संपादक नरेंद्रनाथ सेन ह्यांनी त्यांची बाजू आपल्या पत्रात मांडली. तेथून ते रंगूनला गेले आणि मग कोलंबोला. ३१ मे १८९१ रोजी विद्योदय परिवेणात महाबोधि सभेची स्थापना झाली. हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर हे अध्यक्ष झाले. आता जुलै महिना पाहा. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास धर्मपाल बुद्धगयेला परत आले ते चार सिंहली भिक्खूंना घेऊन: दुनुविल चंदज्योती, मातले सुमंगल, अनुराधपूर पेमानंद आणि गाल्ले सुदस्सन. जानेवारीत बोललेला शब्द जुलैत पाळला गेला. शब्द देणारे आणि तो सहा महिन्यांत अमलात आणणारे ह्यांतले अंतर चळवळीत काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

तेव्हाचे महंत हेमनारायण गिर ह्यांच्याशी संबंध बरे होते आणि त्यांच्याकडून थोडी जागाही मिळाली. ३१ ऑक्टोबर १८९१ रोजी बुद्धगयेत बौद्धांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सिलोन, चीन, जपान आणि चितगाव येथील प्रतिनिधी आले. जपानी बौद्ध मंदिर विकत घेण्यासाठी पैसे देण्यास तयार आहेत, असे तेथे सांगण्यात आले. बोधिवृक्षाजवळ बौद्ध ध्वजाच्या शेजारी जपानचा ध्वज लावला होता. त्याच दिवशी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर त्या भागात होते. साहेबांना बौद्ध ध्वजाने काहीच वाटले नसते. जपानच्या ध्वजाने त्यांना राजकारणाचा वास आला आणि त्यांनी शिष्टमंडळाला भेटही दिली नाही. तरुण माणसाकडून झालेली ही चूक मोठी महाग पडली. परक्या देशात धर्माचे काम करताना दुसऱ्या राष्ट्राचे निशाण जवळ बाळगू नये, इतकी साधी गोष्ट त्या आनंदाच्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नाही.

हेमनारायण गिर लवकरच वारले. त्यांच्या जागी आलेले महंत कृष्णदयाळ गिर हे निराळ्या स्वभावाचे होते. मे १८९२ पासून महाबोधि सभेचे मासिक निघू लागले होते, देशोदेशी बुद्धगयेचे नाव होऊ लागले होते, आणि विस्मृतीवर बसलेल्या वहिवाटीला प्रसिद्धी सोसत नाही. फेब्रुवारी १८९३ मध्ये धर्मशाळेत राहणाऱ्या भिक्खूंवर महंताच्या माणसांनी लाठ्या घेऊन हल्ला केला. एक भिक्खू गंभीर जखमी झाला. ज्यांनी अंगावर चीवर आणि हातात भिक्षापात्र ह्याखेरीज काही आणले नव्हते त्यांना दुसऱ्याच्या देशात असा पाहुणचार मिळाला. तरीसुद्धा धर्मशाळा सोडली गेली नाही.

आता मी त्या खटल्याकडे येतो, आणि येथे थोडा वेळ अधिक घेतला तर आपण क्षमा करावी. जपानमधील बौद्धांनी धर्मपालांना सुमारे सातशे वर्षांची जुनी बुद्धमूर्ती बुद्धगयेत स्थापण्यासाठी दिली होती. महंताने संमती नाकारली. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी सकाळी धर्मपाल आपल्या सहकाऱ्यांसह मंदिराच्या वरच्या मजल्यावर गेले, मूर्ती वेदीवर ठेवली आणि तिच्यासमोर ध्यानस्थ बसले. महंताच्या माणसांचा जमाव आला, दमदाटी झाली आणि मूर्ती काढून नेण्यात आली. धर्मपालांनी गयेच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल केली.

दंडाधिकारी मॅक्फर्सन ह्यांनी पुरावा बारकाईने नोंदविला आणि तिघा आरोपींना दंडविधानाच्या कलम २९६ खाली एक महिना साधी कैद व प्रत्येकी १०० रुपये दंड अशी शिक्षा दिली. सत्र न्यायालयानेही दोष कायम धरला. नंतर प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १८९५ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. हा निर्णय कलकत्ता मालिकेच्या तेविसाव्या खंडात छापलेला आहे. विद्यार्थ्याला त्यात एका शब्दाचे महत्त्व कळते. धार्मिक उपासनेत कायदेशीरपणे गुंतलेल्या मंडळीला जो बुद्धिपुरस्सर अडथळा करील तो अपराधी, असे ते कलम सांगते. तेच कलम आज भारतीय न्याय संहितेत ३०० ह्या आकड्याखाली आहे. उपासना चालू होती का? होती. अडथळा झाला का? झाला. परंतु ती मंडळी 'कायदेशीरपणे' गुंतलेली होती का? मंदिर महंताच्या ताब्यात. त्याने नकार दिलेला फिर्यादीला ठाऊक. आणि अशा स्थितीत तेथे नवी मूर्ती स्थापण्याचा हक्क फिर्यादीने सिद्ध केलेला नाही. ह्या एका शब्दावर शिक्षा उडाली.

बौद्ध यात्रेकरूंनी येऊन पूजा करावी ह्याला कोणाची हरकत नव्हती, हे त्या खटल्यातून स्पष्टच होते. हरकत होती ती त्यांनी मालकासारखे वागण्याला. आपल्या समाजाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. पाणवठ्यावर वरून ओंजळीत पाणी घालतो, पी. पण भांडे स्वतःच्या हाताने बुडवू नकोस, असे ज्यांना सांगितले जात होते त्यांना दया आणि हक्क ह्यांतले अंतर ठाऊक आहे. १९२७ साली महाडला पूज्य बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती ह्याच भेदावर बोट ठेवण्यासाठी. महाडच्या तळ्याचा दावाही वहिवाटीच्याच मुद्द्यावर लढला गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. सवर्णांना अस्पृश्यांस वगळण्याची अनादी रूढी सिद्ध करता आली नाही. बुद्धगयेत वहिवाटीने बौद्धांचा पराभव केला, महाडात वहिवाटीचा पराभव झाला. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, असे मी कायद्याच्या तरुण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

धर्मपालांविषयी एक गोष्ट बोलणे अप्रिय वाटले तरी बोलली पाहिजे. मंदिर कोणाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला. महंताच्या शेतात राबतो कोण, हा प्रश्न त्या पहिल्या दिवसांत त्यांना पडलेला दिसत नाही. मठाच्या हजारो एकर जमिनीवर राबणारे भुइया जातीचे लोक होते, अस्पृश्य आणि भूमिहीन, कर्जापायी पिढ्यान् पिढ्या बांधले गेलेले. ब्रह्मी धर्मशाळेच्या दारातून ते दिसत असणार. हा तरुण मदतीसाठी कलकत्त्याच्या सुशिक्षित भद्रलोकांकडे गेला, वृत्तपत्रांच्या संपादकांकडे गेला, साहेबांकडे गेला. तेथे त्याला आदर मिळाला, आतिथ्य मिळाले, अनुयायी मात्र फार थोडे मिळाले. मी त्याला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. भाषा न येणाऱ्या परक्या माणसाला प्रथम इंग्रजी जाणणारेच भेटतात, आणि जातिभेदाचे खोल पाणी बाहेरून आलेल्याला लवकर दिसत नाही. पण परिणाम तोच झाला. त्या भुइयांनी मठाच्या जमिनीसाठी संघर्ष केला तो १९७८ पासून, छात्र-युवा संघर्ष वाहिनीच्या सोबतीने, आणि जमिनी मिळविल्या. पुष्कळ ठिकाणी त्या स्त्रियांच्या नावे झाल्या. त्या लढ्याचा आणि मंदिराच्या लढ्याचा प्रतिपक्षी एकच होता, तरी दोन लढे एकमेकांना कधी नीट भेटले नाहीत.

जानेवारी १९३३ मध्ये धर्मपालांनी सारनाथला उपसंपदा घेतली आणि त्याच वर्षी २९ एप्रिलला ते निवर्तले. त्यानंतर अडीच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याची घोषणा झाली. घोषणेनंतर बाबासाहेबांकडे बौद्ध धम्म स्वीकारावा अशी विनंती करणारी जी तार आली ती महाबोधि सभेची होती. १९५० साली बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य ह्यावर जो प्रसिद्ध इंग्रजी लेख लिहिला तो महाबोधि सभेच्या त्याच मासिकात आला, जे ह्या तरुणाने १८९२ साली सुरू केले होते. भिक्खू कसा असावा, त्याने समाजसेवा कशी करावी, मिशनऱ्यांपासून काय घ्यावे, असे प्रश्न त्या लेखात आहेत. अनागारिक धर्मपाल ज्या अडचणींतून गेले त्यांतलेच ते प्रश्न आहेत, हे दोन्ही वाचणाऱ्याला दिसेल.

आणखी एक धागा आहे. धर्मपाल ज्या काळी ब्रह्मी धर्मशाळेत पत्रे लिहीत होते त्याच काळात, १८९१ च्या सुमारास, आराकानातून एक पंधरा वर्षांचा सामणेर भारतात आला. तोही परका, त्यालाही भाषा येत नव्हती. तो हिंदी शिकला, पुढे कुशीनगरला राहिला आणि आयुष्यभर तेथेच राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांच्या मुखातून बाबासाहेबांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले ते महास्थविर चंद्रमणी म्हणजेच तो सामणेर. ऐंशी वर्षांचे झाले होते तेव्हा. पासष्ट वर्षे ते ह्या देशात कशाची वाट पाहत होते, असे कोणी त्यांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, मला माहीत नाही. ते राहिले एवढे खरे.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द, कारण प्रश्न विचारणारे विचारतीलच. स्वातंत्र्यानंतर बिहारने १९४९ साली बुद्धगया मंदिर कायदा केला आणि १९५३ साली मंदिर महंताकडून व्यवस्थापन समितीकडे आले. समितीत चार बौद्ध, महंतासह चार हिंदू आणि अध्यक्ष गयेचा जिल्हा दंडाधिकारी. जिल्हा दंडाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने एखादा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशी तरतूद मुळात होती. ती २०१३ च्या दुरुस्तीने गेली. चार आणि चार ही विभागणी मात्र त्या दुरुस्तीने बदलली नाही. ती बदलावी म्हणून १९९२ पासून भदंत सुरई ससाई ह्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, त्यात नागपूर आणि विदर्भातील आपली माणसे हजारोंनी गेली. भदंतही मूळचे परदेशीच, जपानमधून आलेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी पुन्हा बुद्धगयेत उपोषण मांडले. संविधानाचे कलम २६ धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क देते. त्या कलमाशी हा कायदा कसा जुळतो, हा वादाचा मुद्दा आहे.

आणि त्याच कायद्यात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. समितीचे सर्व सदस्य भारतीय असले पाहिजेत. म्हणजे ज्या तरुणाने १८९१ साली हे मंदिर कोणाचे असा प्रश्न प्रथम विचारला तो आज हयात असता, तर सिलोनचा नागरिक म्हणून ह्या समितीवर त्याची नेमणूक होऊ शकली नसती. कायद्याची प्रत मी बरोबर आणली आहे. ज्यांना कलम तीन स्वतः वाचावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे यावे. मराठीत अर्थ सांगावयाला मी बसलेला आहे.